गप्प मुलीवरचा खटला

आयुष्यात माझ्यावर एकदाच आरोप झाला, आणि तो एका यंत्राने केला. तेव्हा ती यंत्रं नुकतीच आली होती. एखादा निबंध त्यांच्यात टाकला की तो माणसाने लिहिलाय की संगणकाकडून लिहून घेतलाय हे ती क्षणात सांगत, आणि गावात देवाचा कौल मानावा तसा शाळा तो निकाल मानत. माझ्या नातीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण आजी, त्यांनी आधी तुला नाही विचारलं?" नाही विचारलं. मी सोळा वर्षांची होते आणि मला कुणीही काहीही विचारलं नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही आखातात, अल कुसैसमध्ये, एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर राहायचो. विमानतळ इतका जवळ की विमान उतरायला लागलं की बोलणाऱ्याने वाक्य अर्ध्यावर धरून ठेवायचं आणि आवाज ओसरला की तिथूनच पुढे सुरू करायचं, अशी आमच्या घराची सवय होती. नवे पाहुणे गोंधळून आमच्या तोंडाकडे बघत बसत. स्वयंपाकघरात एसीचं पाणी बादलीत टपटपायचं, खालच्या कॅफेटेरियातून वेलदोड्याच्या चहाचा वास वर यायचा आणि आईच्या तव्यावर थालीपीठ. लोणी इथे महाग म्हणून नव्हे, पण लबने, म्हणजे तिथलं घट्ट आंबट दही, आम्हाला जास्त आवडायचं म्हणून थालीपीठावर तेच. पिठलं केलं की भाकरी थापायचा कंटाळा आलेली आई खालून गरम खुबूस, तिथली अरबी रोटी, मागवायची. बाबा ते मोडता मोडता म्हणायचे, "सासूबाईंनी बघितलं तर?" आणि माझा धाकटा भाऊ ओजस, ज्याला मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत द्यायचं असे, म्हणायचा, "शी वुड लव्ह इट."

बाबा जबल अलीतल्या एका मालवाहतुकीच्या कंपनीत कामाला होते. पुण्याचे, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भांडण नको असलं की त्यांचा एकच शब्द: "खलास." आई मूळची साताऱ्याची. लग्नाआधी तिने साताऱ्याच्या कोर्टात चार वर्षं वकिली केली होती. इथे आल्यावर ती सुटली ती सुटलीच. पण वकिली सुटली तरी वकील सुटत नाही. ओजसने ग्लास फोडला तर "फुटला" म्हणायला घरात परवानगी नव्हती. "कर्ता कोण? वाक्यात कर्ता आण," असं ती म्हणायची. तिचं इंग्रजी लॉ कॉलेजातलं, जुन्या निकालपत्रांवर पोसलेलं, लांब आणि कडक इस्त्रीचं. माझंही इंग्रजी तिच्याकडूनच आलं. 'नॉटविथस्टँडिंग' हा शब्द आमच्याकडे आमटीइतका नेहमीचा होता.

भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत त्या वर्षी जागा मिळाली नाही म्हणून मी अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत गेले होते, आणि तिथे अकरावीला अमेरिकेची राज्यव्यवस्था हा विषय होता. वॉल्श सर शिकवायचे. उंच, किंचित वाकलेले, एसी सोसत नसल्यामुळे बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत लोकरी जाकीट घालून बसणारे. चांगले शिक्षक होते ते. हे मी आधीच सांगून ठेवते. न्यायालयांचा भाग आला तेव्हा त्यांनी बाकं हलवून वर्गाचंच कोर्ट केलं. इकडे न्यायाधीश, तिकडे सरकारी वकील, मध्ये आरोपी, भिंतीशी बारा खुर्च्यांवर ज्युरी. मी ज्युरीतल्या शेवटच्या खुर्चीवर बसायचे. तिथे कुणाला फारसं बोलावं लागत नसे.

मी वर्गात बोलत नसे. लाजाळू होते म्हणून नाही. इतर मुलं विचार पूर्ण होण्याआधीच बोलायला लागायची आणि बोलता बोलता विचार करायची. माझं उलट होतं. माझं वाक्य तयार होईपर्यंत वर्ग पुढे गेलेला असायचा, आणि मला त्याचं दुःख नव्हतं. सगळं बोलणं मी घरी नेत असे. संध्याकाळी ऊन उतरलं की आई आणि मी तळ्याच्या बागेत फेऱ्या मारायचो, आणि त्या फेऱ्यांमध्ये मी तिला अमेरिकेची कोर्टं शिकवायचे.

"म्हणजे दोन वेगवेगळी कोर्टं?" ती विचारायची.

"दोन वेगवेगळ्या रांगा. प्रत्येक राज्याची स्वतःची कोर्टं, खालपासून वरपर्यंत. आणि केंद्राची वेगळी, तीही खालपासून वरपर्यंत. बहुतेक खटले राज्याच्याच कोर्टात संपतात."

"आपल्याकडे एकच जिना. तालुका, जिल्हा, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. चढत राहायचं. चढता चढता अशील म्हातारा होतो." आणि ज्युरीचा विषय निघाला की ती थांबायची आणि ओढणी सावरत म्हणायची, "बारा वाटसरू पकडून आणायचे आणि त्यांनी ठरवायचं की माणसाने खून केला की नाही? आपण ते काढून टाकलं, बरं झालं."

"पण आई, त्या बाराही जणांना पटावं लागतं. शंकेला जागा राहिली तर सोडावं लागतं."

"ते आपल्याकडेही आहे गं. आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचं. गप्प बसायचा हक्कसुद्धा आपल्या घटनेत आहे. अमेरिकेने ते विकत घेतलेलं नाही."

अशा फेऱ्यांमध्ये माझा निबंध तयार झाला. विषय सोपा होता: अमेरिकन न्यायव्यवस्थेची ओळख करून द्या. मी तो चालता चालता मराठीत बोलले, आईने आडवेतिडवे प्रश्न विचारून तो उसवला, मी परत शिवला, आणि एका शुक्रवारी, शाळा अर्धी असताना, दुपारी बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर एका बैठकीत इंग्रजीत टाईप करून शाळेच्या पोर्टलवर टाकला. लिहून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी ओजसला खाली नेऊन आइस्क्रीम दिलं.

पुढच्या आठवड्यात व्हाइस प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत मला बोलावणं आलं. टेबलावर पाहुण्यांसाठी गाहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणि खजुराचं ताट होतं. वॉल्श सर खिडकीशी बसले होते. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या की यंत्राच्या मते माझा निबंध चौऱ्याण्णव टक्के संगणकाने लिहिलेला आहे, आणि त्या अजिबात रागावलेल्या नाहीत. मदत घेतली असं मी लिहून दिलं आणि नवा निबंध आणला तर विषय इथेच संपेल, कुठे नोंद होणार नाही. लिहून दिलं नाही तर शून्य गुण, आणि मी कॉलेजांकडे अर्ज केले की शाळेला हे त्यांना कळवावं लागेल.

हा सौदा मी ओळखला. दोनच आठवड्यांपूर्वी सरांनी शिकवलं होतं. अमेरिकेत बहुतेक खटले ज्युरीपर्यंत जातच नाहीत. सरकारी वकील म्हणतो, लहान गुन्हा कबूल कर, शिक्षा कमी देतो. नाही म्हणालास तर मोठ्या गुन्ह्याचा खटला चालवतो. आणि घाबरलेली माणसं, त्यांत काही न केलेलीही, कबूल करून टाकतात. त्या दिवशी सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले होते, "यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की ही युक्ती लागू पडते." मी सरांकडे पाहिलं. ते थर्मासकडे पाहत होते.

"मला घरी विचारायचं आहे," मी म्हणाले.

"विचारायचं काय त्यात, डियर?" मॅडम म्हणाल्या.

"सगळंच," मी म्हणाले, आणि खजुराला हात न लावता बाहेर आले.

रात्री जेवताना मी घरी सांगितलं. ओजस लगेच म्हणाला, "जस्ट शो देम द एडिट हिस्ट्री." पण जुन्या लॅपटॉपवरच्या साध्या फाइलीत तसं काही राहत नव्हतं. मी निबंध चालताना लिहिला होता. त्याचा माग तळ्याभोवतीच्या फरशीवर होता, आणखी कुठे नाही. आईने वाढता वाढता हात थांबवला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "तू लिहिलास?"

"हो."

"संगणकाचं एखादं वाक्य? एखादा परिच्छेद?"

"एक शब्दही नाही."

"बस. माझ्यापुरतं झालं." आणि तिने माझ्या ताटात वांग्याची भाजी वाढली. तो प्रश्न मला विचारणारी ती पहिली व्यक्ती होती.

बाबा बराच वेळ आमटी ढवळत होते. मग म्हणाले, "लिहून देऊन टाक, बाळा. दोन ओळी तर आहेत. नवीन निबंध लिही, खलास. आपण इथे पाहुणे आहोत. कॉलेजचा प्रश्न आहे. यांच्याशी भांडून काय मिळणार?"

"खोटं लिहून देऊ?"

"मी दिलं होतं." त्यांनी हे इतक्या हळू सांगितलं की ओजससुद्धा फोन ठेवून वर बघायला लागला. "ओजस झाला त्या वर्षी. गोदामातून एक कंटेनर चुकीच्या जहाजावर गेला. माझा संबंध नव्हता. मी त्या दिवशी हॉस्पिटलात होतो, तुमच्याजवळ. मॅनेजर म्हणाला, हबीबी, नुसती फॉर्मॅलिटी आहे, सही कर, मी बघतो. मी केली."

"मला कधी सांगितलं नाहीस," आई म्हणाली.

"काय सांगायचं? नोकरी राहिली. हे घर राहिलं. तुमच्या शाळा—" आणि विमान आलं. बाबांनी सवयीने वाक्य धरून ठेवलं. आम्ही चौघं तसेच बसून राहिलो. विमान गेलं, पण बाबांनी ते वाक्य पुढे उचललं नाही. मग आई म्हणाली, "तुझी सही तू केलीस, आणि का केलीस ते मला समजतं. ही सही हिची आहे." मी बाबांकडे पाहून मान हलवली. नाही, मी करणार नाही. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि त्यांची भीती मला आता नीट कळते. मुलं, व्हिसा, भाडं, सगळं एका पगाराला टांगलेलं. भीती खरी होती. पण तिला घाबरून वागणं भाग नव्हतं, हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आईने शाळेला कळवलं: आरोप नेमका काय, पुरावा काय, साक्षीदार कोण, आणि माझ्या मुलीचं म्हणणं ऐकायची वेळ कोणती. मॅडमचा फोन आला. आईने स्पीकर लावला. "ही शाळा आहे, कोर्ट नाही," मॅडम म्हणाल्या. "मग गुन्हेगार ठरवू नका," आई म्हणाली. "ठरवायचं असेल तर ऐकावं लागेल." शेवटी मंगळवारी शाळा सुटल्यावरची वेळ मिळाली.

आदल्या संध्याकाळी तळ्याभोवती आईने मला पढवलं. "तू एक शब्द बोलायचा नाहीस. सिद्ध त्यांनी करायचं. आरोपी बोलायला लागला की फसतो. चार वर्षांत मी हेच पाहिलंय."

"मला बोलावंसं वाटलं तर?"

"तर माझा सल्ला मोडून बोलशील. अशिलाला तेवढा हक्क असतो," ती म्हणाली, आणि मला जाणवलं की ती कित्येक वर्षांत इतक्या झपझप चालली नव्हती.

लायब्ररीत तीन माणसं होती: मॅडम, गणिताचे विभागप्रमुख, जे शेवटपर्यंत काही बोलले नाहीत, आणि वॉल्श सर. बाबा खाली गाडीत एसी लावून बसले होते. वर यायला त्यांनी नकार दिला होता. आईने अबोली रंगाचा साधा सलवार-कमीज घातला होता आणि हातात काहीही नव्हतं. सरांना काही विचारू का, अशी तिने परवानगी मागितली. मॅडमनी खांदे उडवले.

"हे यंत्र कसं ठरवतं, ते तुम्हाला माहीत आहे?"

"नाही," सर म्हणाले.

"कुणाला माहीत आहे?"

"ते बनवणाऱ्या कंपनीला."

"त्यांच्यापैकी कुणी इथे आहे? मला त्यांना प्रश्न विचारता येतील?"

"मिसेस, प्लीज," मॅडम म्हणाल्या.

"माझी मुलगी संगणकाकडून लिहून घेत होती असं तुम्ही पाहिलंत? कुणी सांगितलं?"

"नाही. पण निबंधात 'नॉटविथस्टँडिंग' आहे. सोळा वर्षांची मुलं असं लिहीत नाहीत."

"आमच्या घरातली लिहितात," आई म्हणाली. "या वर्गात आणखी कुणाच्या निबंधावर यंत्राने असंच बोट ठेवलं होतं?"

सरांनी जाकिटाची बाही ओढली. मॅडम त्यांच्याकडे वळल्या. हे त्यांनाही माहीत नसावं. "हो," सर म्हणाले. "आणखी दोघांच्या."

"त्यांना बोलावलंत?"

"नाही."

"का?"

खोटं बोलणं त्यांना सोपं होतं. ते बोलले नाहीत, याचं श्रेय मी त्यांना आजही देते. "कारण मी त्यांना ओळखतो. ते वर्गात हिरिरीने बोलतात. त्यांचं बोलणं आणि लिहिणं मला जुळवून पाहता येतं. रेवती..." माझं नाव ते नेहमी 'रेवाटी' म्हणायचे, त्या दिवशीही म्हणाले. "रेवती बोलत नाही. तिला एवढं कळत असेल असं मला वाटलं नव्हतं."

आईने तोंड उघडलं. मी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण वर्गातल्या कोर्टात वकील उभे राहायचे.

"सर, खटल्यात आरोपी एक शब्दही बोलला नाही, तर ज्युरीने त्यावरून काय समजायचं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. शिकवताना ते ज्या डोळ्यांनी पाहायचे, ते डोळे परत आले. "काहीही नाही," ते म्हणाले. "त्यावरून काहीही समजायचं नाही."

"हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. दोनदा शिकवलंत. मग मी गप्प असते एवढाच माझ्याविरुद्धचा पुरावा आहे का? मला आजपर्यंत या शाळेत कुणी विचारलेलंसुद्धा नाही की निबंध मी लिहिला का."

मग सरांनी खुर्ची पुढे ओढली. "रेवती, निबंध तू लिहिलास?"

"हो."

"मला आणखी काही म्हणायचं नाही," सर मॅडमना म्हणाले.

मॅडम पटकन सावरल्या. गैरसमज झाला असावा, म्हणाल्या. आता रेवतीने आमच्यासमोर बसून दुसरा निबंध लिहावा, म्हणजे सगळ्यांचंच समाधान होईल. त्यांनी कोरे कागदही पुढे सरकवले. आई माझ्याकडे पाहायला लागली, आणि मला माहीत होतं की तिला ही सूचना वावगी वाटत नव्हती. मी दहा निबंध लिहिले असते. त्या दिवशी मला इतकं सुचत होतं की कागद पुरले नसते.

"नाही," मी म्हणाले. "आरोप मागे घेतला असेल तर मी परत का लिहू? आणि घेतला नसेल तर पुरावा आणा."

"यू आर बीइंग व्हेरी डिफिकल्ट, यंग लेडी."

"येस, मॅम," मी म्हणाले. आयुष्यात पुढे मला पुष्कळ जणांनी हे ऐकवलं, वेगवेगळ्या भाषांत, आणि दर वेळी मी हेच उत्तर दिलं.

गाडीत बसलो तेव्हा बाबांनी मागे वळून विचारलं, "दिलंस लिहून?"

"नाही."

त्यांनी पुढे तोंड केलं आणि गाडी घराकडे न नेता कॅफेटेरियापाशी थांबवून हॉर्न दिला. पोऱ्याने तीन कडक चहा खिडकीतून आत दिले. बाबांनी अर्धा चहा संपवला आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मी वर यायला हवं होतं." आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही. पुढे वर्षभराने त्यांच्या ऑफिसात असाच एक कागद फिरत फिरत त्यांच्या टेबलावर आला तेव्हा तो सही न होता तसाच परत गेला. त्याबद्दल त्यांनी घरी येऊन चवीने, तिखटमीठ लावून सांगितलं, तीनदा.

शाळेचा निर्णय दोन ओळींचा आला: पुरेशा पुराव्याअभावी प्रकरण बंद. मी चिडले. "मी केलं नाही असं का नाही लिहिलं त्यांनी?" आई हसली. "तुझ्या अमेरिकेतली ज्युरीसुद्धा 'निर्दोष' म्हणत नाही. 'सिद्ध झालं नाही' एवढ्याच अर्थाचं बोलते. निर्दोष आहेस हे तुला ठाऊक आहे, त्याचं सर्टिफिकेट दुसऱ्याच्या हातून मागायला जाऊ नकोस." मला ते तेव्हा अजिबात पटलं नाही. अर्धं अजूनही पटत नाही.

काही दिवसांनी निबंध तपासून परत मिळाला. वॉल्श सरांनी तो ओळ न ओळ वाचला होता. समासात त्यांचं हिरवं, तिरकं अक्षर भरलं होतं. गुण मला वाटले होते त्यापेक्षा कमी होते. अपिलाच्या कोर्टातही ज्युरी बसते, असं मी ठोकून दिलं होतं, आणि सरांनी त्याखाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: साफ चूक, अपिलात ज्युरी नसते, नवे साक्षीदार नसतात, खालच्या कोर्टाने कायदा नीट लावला का एवढंच न्यायाधीश बघतात. मी ते वाचलं आणि मला इतका आनंद झाला की शेजारची मुलगी बघायलाच लागली. ती चूक माझी होती. अस्सल माझी. आणि ती माझी म्हणून कुणीतरी कापून काढली होती.

त्याच तासाला सरांनी वर्गाला विचारलं, "अपिलाच्या कोर्टात ज्युरी का नसते?" नेहमीची मुलं एकदम बोलायला लागली आणि एकामागून एक चुकत गेली. सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, आणि त्यांची नजर भिंतीशी, शेवटच्या खुर्चीपर्यंत आली. उत्तर मला येत होतं; हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. मी बोलले असते तर त्यांनाही बरं वाटलं असतं. मी हाताची घडी घातली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत गप्प बसले. सरांनी हलकेच मान झुकवली, वळले आणि उत्तर स्वतः फळ्यावर लिहू लागले.